धन्यवादित रुडोल्फ आक्वाविवा : आत्री ते कुंकळ्ळी



मागच्या पावसाळ्यात तरुणांची सभा संपल्यावर आपल्यातला एक मुलगा मागे थांबला. तो कॉलेजात शिकतो. गोव्यात पाद्र्यांनी देवळे पाडली असे त्याच्या मित्राने मोबाईलवर वाचले होते, आणि त्यातल्याच काहींना तुम्ही संत म्हणता ना, असे त्याला वर्गात विचारले होते. मुलाने आम्हांला विचारले की हे खरे आहे का. आम्हांला त्या दिवशी दुसऱ्या गावी मिस्साला जायचे होते. आम्ही घाईघाईत उत्तर दिले की असे बरेच खोटे लिहिले जाते, लक्ष देऊ नकोस. मोटारसायकल सुरू करून निघालो, पण अर्ध्या वाटेत लक्षात आले की आपण त्या मुलाला पूर्ण खरे सांगितलेले नाही.

म्हणून या रविवारी, आणि जुलै महिना आहे म्हणूनही, आम्ही एका माणसाची जीवनकथा सांगणार आहोत. त्यांचे नाव धन्यवादित रुडोल्फ आक्वाविवा. ते इटलीतल्या एका लहानशा गावात जन्मले, अकबर बादशहाच्या दरबारात तीन वर्षे राहिले आणि गोव्यातल्या कुंकळ्ळी गावी मारले गेले. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.

आधी त्या गावाविषयी. गावाचे नाव आत्री. इटलीच्या पूर्व बाजूस अब्रुझ्झो नावाचा प्रांत आहे. तिथे एका टेकडीच्या माथ्यावर हे गाव वसले आहे. आज वस्ती सुमारे दहा हजार, म्हणजे आपल्याकडे बाजारपेठेचे गाव म्हणावे तेवढीच. गावातून खाली एड्रियाटिक समुद्राची निळी रेघ दिसते. गाव रोमन काळाच्याही आधीचे असून तेव्हा त्याला हात्रिया म्हणत. समुद्राचे नाव आमच्याच गावावरून पडले असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. उत्तरेत आद्रिया नावाचे दुसरे गाव आहे, तेही तसाच हक्क सांगते. गावोगावचे हे भांडण आपल्याला ओळखीचे आहे. रोमन सम्राट हेड्रियनचे पूर्वज मात्र या हात्रियाचेच.

गावाच्या मधोमध स्वर्गोन्नत मरियेचे मोठे कॅथेड्रल आहे. त्याचा दगडी बुरूज दूरवरून दिसतो. आत १५व्या शतकात आंद्रेआ दे लितियो या चित्रकाराने मरियामातेचे आयुष्य भिंतीवर रंगवले आहे. त्या चित्रांतले घर, स्वयंपाक, बाळंतिणीची खोली हे सारे अब्रुझ्झोतल्या घरांसारखेच आहे. गावाच्या आसपास पावसाने कापून काढलेल्या मातीच्या घळी आहेत. दुरून पाहिले तर आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या कोरलेल्या दरडी आठवाव्यात. आणि आत्रीचा ज्येष्ठमध प्रसिद्ध आहे. खोकल्यावर आजी चघळायला देते तोच हा ज्येष्ठमध, तिथे त्याच्या वड्या करून विकतात.

या आत्रीची एक जुनी गोष्ट आहे. ती इटलीत शेकडो वर्षे सांगितली जाते आणि १९व्या शतकात लाँगफेलो या अमेरिकन कवीने तिच्यावर कविता केली. एका राजाने गावच्या चौकात घंटा टांगली. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने दोर ओढावा, मग न्यायाधीश येऊन ऐकून घेतील. वर्षे गेली, दोर झिजला, कोणीतरी त्याला द्राक्षाचा वेल बांधला. गावात एक कंजूष सरदार होता. त्याने आपला म्हातारा घोडा, आता कामाचा नाही म्हणून, वाऱ्यावर सोडून दिला होता. भुकेला घोडा चौकात आला, वेलीची पाने खाऊ लागला आणि घंटा वाजली. न्यायाधीश आले, त्यांनी चौकशी केली आणि सरदाराला घोड्याच्या दाणापाण्याची सोय करायला लावली. ज्या जनावराला बोलता येत नव्हते त्याचीही तक्रार ऐकली गेली. रुडोल्फ याच गावात वाढले. ही गोष्ट त्यांच्या कानावर पडली नसेल असे आम्हांला वाटत नाही.

गावाची मालकी आक्वाविवा घराण्याकडे होती. १४व्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आत्री मिळवले आणि ते आत्रीचे ड्यूक झाले. ड्यूक म्हणजे आपल्याकडचा संस्थानिक समजा. त्यांचा राजवाडा आजही चौकात उभा आहे. त्या घरी २ ऑक्टोबर १५५० रोजी रुडोल्फ यांचा जन्म झाला. वडील जोव्हान्नी जिरोलामो हे ड्यूक, आई मार्गेरिता पिओ. थोरला भाऊ जूलियो तरुणपणीच कार्डिनल झाला. डॉन किहोते लिहिणारा सर्व्हांतेस काही काळ त्याच्या पदरी नोकरीला होता. काका क्लाउदियो येशूसंघात गेले आणि १५८१ साली साऱ्या येशूसंघाचे मुख्याधिकारी झाले. अशा घरचा मुलगा. पैसा, मान, चाकर, पुढे बिशपपद किंवा कार्डिनलची लाल टोपी, सगळे त्याच्यासाठी तयार होते.

रुडोल्फना ते नको होते. वडिलांचा विरोध होता. तो मावळल्यावर २ एप्रिल १५६८ रोजी, अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. त्याच नवशिक्यांच्या घरात तेव्हा पोलंडचा स्टानिस्लाव कोस्का होता. तो त्याच वर्षी १५ ऑगस्टला वारला आणि पुढे संत म्हणून जाहीर झाला. दोघे काही महिने एकाच छताखाली राहिले, एकच भांडी घासली. ड्यूकच्या मुलाने भांडी घासणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

अभ्यास झाल्यावर त्यांनी भारतात पाठवावे म्हणून विनंती केली. लिस्बनला त्यांची गुरुदीक्षा झाली आणि मार्च १५७८ मध्ये ते जहाजावर चढले. त्याच वर्षीच्या ताफ्यात मत्तेओ रिची होते, जे पुढे चीनमध्ये गेले आणि तिथल्या पंडितांत पंडित झाले. समुद्रावर सहा महिने गेले. १३ सप्टेंबर १५७८ रोजी ते गोव्याला उतरले. जुन्या गोव्याच्या संत पॉल कॉलेजात त्यांना तत्त्वज्ञान शिकवायचे काम मिळाले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हांला हे वाचून थोडे बरे वाटते, हे कबूल करतो. पण त्यांचे शिकवणे फार दिवस टिकले नाही.

१५७९ च्या सप्टेंबरात अकबर बादशहाचा वकील गोव्यात आला. बादशहाला ख्रिस्ती धर्म समजून घ्यायचा होता. धर्मशास्त्र जाणणारे दोन पाद्री आणि शुभवर्तमानाची पुस्तके पाठवा, असे त्याचे पत्र होते. गोव्यात मोठी खळबळ उडाली. हिंदुस्थानचा बादशहा ख्रिस्ती झाला तर, या कल्पनेनेच अनेकांची झोप उडाली असणार. तिघांची निवड झाली. रुडोल्फ प्रमुख, सोबत स्पेनचे अँटनी मॉन्सेराते, आणि दुभाषी म्हणून मूळचे होर्मुझकडचे, फारसी जाणणारे फ्रान्सिस हेन्रिकेस. १७ नोव्हेंबरला ते निघाले. समुद्राने चौल, दमण करत सुरत, तिथून तापी आणि नर्मदा ओलांडून मांडू, उज्जैन, ग्वाल्हेर असा रस्ता. फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस ते फत्तेपूर सिक्रीला पोचले.

पुढची तीन वर्षे हा रुडोल्फ यांच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण भाग आहे. अँटवर्पला छापलेले अनेक भाषांतले भव्य बायबल त्यांनी बादशहाला दिले. अकबराने एकेक खंड हातात घेतला, चुंबन घेतले आणि डोक्यावर ठेवला. राजवाड्याच्या आवारात त्यांना प्रार्थनास्थळ करू दिले. अकबर तिथे आला आणि त्याने आदराने मस्तक नमवले. मॉन्सेराते राजपुत्र मुरादला शिकवू लागले. रुडोल्फ फारसी शिकले. रात्री इबादतखान्यात वाद चालत. एका बाजूला मौलवी, दुसरीकडे हे काळ्या झग्यातले पाद्री, शिवाय हिंदू पंडित, जैन मुनी, पारशी धर्मगुरू. मधे बादशहा ऐकत बसे. नरसिंग या चित्रकाराने काढलेले या सभेचे चित्र आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात कडेला काळ्या झग्यातले दोघे बसलेले दिसतात. त्यांतले एक रुडोल्फ मानले जातात.

एकदा अग्निदिव्याची गोष्ट निघाली. एका मौलवीने कुराण घेऊन आणि एका पाद्र्याने शुभवर्तमान घेऊन आगीत शिरावे, जो वाचेल त्याचा धर्म खरा. रुडोल्फ यांनी नकार दिला. देवाची अशी परीक्षा पाहणे पाप आहे, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी की अबुल फजलच्या अकबरनाम्यात हीच गोष्ट उलटी आहे. तिथे पाद्री रादिफ म्हणजे रुडोल्फ स्वतः आगीत शिरायला तयार होतात आणि मौलवी मागे हटतात. आम्हांला पहिली हकिकत खरी वाटते, आणि तीच जास्त आवडते. आग लावून धर्म सिद्ध करण्यात ज्याला रस नाही, तो माणूस विश्वासाला अधिक जवळचा.

बादशहा मात्र ख्रिस्ती झाला नाही. त्याला सर्वांचे ऐकायचे होते, कोणा एकाचे व्हायचे नव्हते. हेन्रिकेस परतले, १५८२ मध्ये मॉन्सेरातेही निघाले. रुडोल्फ एकटे राहिले. एवढ्या ऐश्वर्यात ते चटईवर झोपत आणि उपास करत. शेवटी गोव्याच्या वरिष्ठांनी परत बोलावले. निघताना अकबराने मोठी देणगी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि एकच मागणे केले. बादशहाच्या आईच्या सेवेत एक रशियन ख्रिस्ती कुटुंब गुलाम म्हणून होते, नवरा, बायको आणि दोन मुले. त्यांना सोडा, मी त्यांना गोव्याला नेतो. बेगमसाहेबांना ते पसंत नव्हते, पण बादशहाने दिलेला शब्द पाळला. तीन वर्षे बादशहाच्या दरबारात राहून या माणसाने बरोबर आणले ते चार सुटलेले जीव. धर्मप्रसाराच्या हिशेबात तो दौरा फसला असे म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही.

जाता जाता एक सांगतो. तेव्हा दरबारात दहा-बारा वर्षांचा शाहजादा सलीम वावरत होता. तोच पुढे जहांगीर झाला आणि गादीवर येताच, १६०५ साली, त्याने आग्र्याच्या किल्ल्यावरून घंटा लावलेली सोन्याची साखळी खाली सोडली, ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने ती ओढावी म्हणून. आत्रीच्या घंटेचा आणि या साखळीचा काही संबंध आहे असे कोणी दाखवलेले नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही. पण दोन्हीकडच्या माणसांना एकच गरज वाटली होती, एवढे खरे.

मे १५८३ मध्ये रुडोल्फ गोव्याला पोचले आणि लगेच त्यांना साष्टीच्या मिशनचे प्रमुख नेमण्यात आले. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

साष्टी म्हणजे मडगावच्या आसपासचा सुपीक मुलूख. १५४३ साली तो विजापूरच्या आदिलशहाकडून पोर्तुगिजांकडे आला. तिथली गावे गावकरी पद्धतीने चालत. शेतजमीन, बांध, पाणी सारे गावच्या मूळ कुळांच्या सामाईक मालकीचे. त्यांच्या एकेका कुळाला वांगड म्हणत, आणि कुंकळ्ळीत अशी बारा वांगडे होती. या व्यवस्थेच्या मध्यभागी देऊळ असे. देवळाच्या नावे जमीन होती, त्या जमिनीवर पुजारी, वाजंत्री, सुतार, कुंभार जगत. गावचा निवाडा देवळासमोर होई, सण तिथेच. देऊळ पाडले की मूर्ती जाई, एवढेच नव्हे. गावची कचेरी जाई, कोठार जाई, कित्येकांची रोजीरोटी जाई.

आणि देवळे पाडली गेली. १५६७ मध्ये राचोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने साष्टीतली शेकडो देवळे पाडली, जाळली. त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. हिंदूंच्या उघड पूजाअर्चेवर, सणांवर बंदी आली. हे सारे पोर्तुगीज राजसत्तेने केले, पण ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांच्या संमतीने आणि आग्रहाने केले. कुंकळ्ळी, असोळणा, वेरोडा, वेळ्ळी, आंबेली ही पाच गावे वाकली नाहीत. त्यांनी सारा देणे थांबवले, पाडलेली देवळे पुन्हा बांधली. मग सैन्य गेले, घरे जळाली, देवळे पुन्हा पाडली गेली. आणि त्या मोहिमांत येशूसंघाचे पाद्रीही बरोबर गेले होते. रुडोल्फ यांच्यासोबत पुढे जे मारले गेले, त्यांच्यापैकीच कोणी त्यांत होते. हे लपवण्यासारखे नाही. येशूसंघीयांनीच ते लिहून ठेवले आहे, तेही अभिमानाने.

म्हणून त्या मुलाला आम्ही आज सांगतो की तुझ्या मित्राने वाचले ते त्या मोहिमांबाबत खरे आहे. रुडोल्फ त्यांत नव्हते. ते तेव्हा उत्तरेत अकबराच्या दरबारी होते. पण ज्या झग्यात ते कुंकळ्ळीला गेले, तो झगा तिथल्या लोकांनी आधी बंदुकांच्या सोबतीने आलेला पाहिला होता.

१५ जुलै १५८३. ही जुन्या कालगणनेची तारीख. पोप ग्रेगरी यांनी आदल्याच वर्षी पंचांग सुधारले होते, पण त्याची बातमी अजून गोव्याला पोचली नव्हती. आजच्या हिशेबाने २५ जुलै, भर पावसाळा. ओर्लीच्या चर्चमध्ये पाच जण जमले. रुडोल्फ, स्पेनचे अल्फान्सो पाशेको, स्वित्झर्लंडमधल्या आस्कोना गावच्या गरीब घरातले पेद्रो बेर्नो, पोर्तुगालचे अंतोनियो फ्रान्सिस्को, आणि ब्रदर फ्रान्सिस्को आरान्हा, जे गोव्याच्या पहिल्या आर्चबिशपांचे पुतणे होते आणि चर्च बांधण्याच्या कामात वाकबगार होते. सोबत काही स्थानिक ख्रिस्ती आणि एक-दोन पोर्तुगीज. कुंकळ्ळीला जाऊन क्रूस उभारायचा आणि चर्चसाठी जागा निवडायची, असा बेत.

इथे आम्ही थोडे थांबतो. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला शिकवले होते की कृतीचे मोल ठरवताना हेतू पाहावा, परिस्थितीही पाहावी. रुडोल्फ यांचा हेतू शुद्ध होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते, त्यांना कोणाची जमीन नको होती. ज्याने स्वतःच्या बापाची जहागीर सोडली, त्याला कुंकळ्ळीच्या भातखाचराचा काय मोह? पण पाडलेल्या देवळाच्या गावात जाऊन क्रूसासाठी जागा पाहणे हे त्या गावाला कसे दिसले असेल? हेतू मनात असतो, तो बाहेरच्याला दिसत नाही. बाहेरच्याला जागा मोजणारी माणसे दिसतात. अकबराच्या दरबारात तीन वर्षे ज्यांनी दुसऱ्याचे ऐकून घेतले होते, त्यांना साष्टीत दोनच महिने मिळाले. या गावाचे ऐकून घ्यायला तेवढे पुरले नाहीत. त्यांच्या वरिष्ठांनाही ते ऐकायची गरज वाटली नव्हती, आणि त्या गावांची घंटा ऐकणारा न्यायाधीश गोव्यात कोणी नव्हता.

गावात सभा झाली आणि लोक तलवारी, भाले, काठ्या घेऊन चालून आले. सोबतच्या एका पोर्तुगिजाने, गोंसालो रोद्रिग्सने, बंदूक उचलली. पाशेकोंनी त्याला थांबवले. आपण लढायला आलेलो नाही, असे सांगितले. त्या दिवशी पाद्र्यांच्या बाजूने गोळी सुटली नाही, हे नोंदवायला हवे. रुडोल्फ यांच्यावर पहिला वार झाला तेव्हा त्यांनी झग्याची गळपट्टी सैल करून मान पुढे केली. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागत, येशूचे नाव घेत ते गेले. पाशेको गुडघे टेकून, हात क्रूसासारखे पसरून मेले. बेर्नोंच्या देहाची सर्वांत जास्त विटंबना झाली. राग कोणावर किती होता ते यावरून कळते.

पाचांशिवाय आणखी पंधरा जण मारले गेले. गोंसालो रोद्रिग्स आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती. त्यांतल्या दोन मुलांबद्दल थोडे कळते. एक दोमिंगो, कुंकळ्ळीचाच, राचोलच्या शाळेत शिकणारा. पूर्वीच्या मोहिमांत पाद्र्यांना देवळे कुठे आहेत ते यानेच दाखवले होते. त्याला त्याच्या सख्ख्या काकाने मारले. दुसरा अल्फान्सो, पाशेकोंचा वेदीसेवक, बहुधा मडगावचा. फादरांचे प्रार्थनेचे पुस्तक त्याच्या हातात होते आणि ते तो सोडेना. त्याचे हात तोडले, गुडघे कापले. तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता. मग कोणाला तरी सापडला आणि त्याने त्याला ठार केले.

या दोन मुलांच्या हकिकती आम्ही कित्येकदा वाचल्या आहेत. दोमिंगोपाशी येऊन आम्ही दर वेळी अडखळतो. त्या पोराला कोणी वापरले? घरचा राग एवढा कसा पेटला की काकाचा हात उठला? एका घराचे असे दोन तुकडे करण्यात आमच्यासारख्या झगेवाल्यांचा वाटा होता, हे मान्य केल्याशिवाय त्याच्यासाठी प्रार्थना करता येत नाही.

मृतदेह एका विहिरीत टाकले होते. दोन-अडीच दिवसांनी ते बाहेर काढून राचोलला नेऊन पुरले. ते मिळवण्याचे काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले. हे इंग्लंडचे, रुडोल्फ उत्तरेला निघाले त्याच्या तीनच आठवडे आधी गोव्यात उतरलेले. पुढे साष्टीतच राहून ते मराठी आणि कोकणी शिकले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, अस्सल मराठीत, पुराणाच्या थाटात. साष्टीतले देऊळ गेल्यावर लोकांना पुराण ऐकायला मिळेना, ही उणीव त्यांनी ओळखली. विहिरीतून ते देह काढताना स्टीफन्स यांच्या मनात काय आले असेल, हे त्यांनी कुठे लिहिलेले नाही. पण त्यानंतरची सारी वर्षे त्यांनी त्या लोकांची भाषा शिकण्यात घालवली, एवढे आपल्याला दिसते.

आणि कुंकळ्ळीचे काय झाले? तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या चरित्रांच्या पुस्तकांत ते बहुधा नसते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावांच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले. सोळा जण विश्वासाने गेले. चौकशी नाही, खटला नाही, त्यांना तिथेच ठार केले. एक जण नदीत उडी टाकून निसटला. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. ज्या माणसाने मरताना क्षमा मागितली होती, त्याच्या नावाने हा सूड घेतला गेला.

शांतादुर्गेची मूर्ती भक्तांनी फातर्प्याला नेली होती. आजही दर फाल्गुनात तिथून कुंकळ्ळीला रंगीत छत्र्यांची मिरवणूक येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात. त्या वांगडांतली काही घरे आज ख्रिस्ती आहेत, आणि मानकरी म्हणून त्यांचीही जागा त्यात राखलेली आहे. या शतकाच्या सुरुवातीस कुंकळ्ळीत त्या मारल्या गेलेल्या प्रमुखांचे स्मारक उभे राहिले. ते उभारायला पुढाकार घेणाऱ्यांत गावचे ख्रिस्तीही होते.

ख्रिस्तसभेने पाच येशूसंघीयांना रक्तसाक्षी मानले. १७४१ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्यांचे हौतात्म्य मान्य केले आणि ३० एप्रिल १८९३ रोजी पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यांचे अवशेष १५९७ मध्ये राचोलहून जुन्या गोव्याला आणले गेले आणि १८६२ पासून ते तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत. आत्रीलाही आपल्या या पुत्राचा अभिमान आहे. पुढे १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होऊ नये हे स्पष्ट शब्दांत जाहीर केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भर मिस्सात, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या जबरदस्तीबद्दल आणि इतर लोकांच्या संस्कृती व धर्माच्या केलेल्या अवमानाबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यामुळे दिंद्रुडच्या चहाच्या टपरीवर कोणी विचारलेच, तर मान खाली घालायची गरज नाही आणि खोटे बोलायचीही नाही. आपण स्वतः कोणाच्या तलवारीला भिऊन ख्रिस्ती झालेलो नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी आपल्या मर्जीने, आपल्या मानासाठी ही वाट धरली. हेही त्याला सांगावे.

पाचांची नावे यादीत आहेत. दोमिंगो, अल्फान्सो आणि बाकीच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांची नावे त्या यादीत नाहीत. ती का नाहीत, हा प्रश्न गोव्यातले ख्रिस्ती अनेक वर्षे विचारत आले आहेत. या रविवारी मिस्सात मृतांसाठी प्रार्थना करताना आम्ही त्या दोन मुलांची नावे घेऊ, आणि असोळण्याच्या किल्ल्यात मारल्या गेलेल्या गावकऱ्यांसाठीही प्रार्थना करू. कॉलेजातला तो मुलगा वेदीसेवकांच्या वर्गाला मदत करायला येतो. मिस्सानंतर त्याने थोडे थांबावे, या वेळी आम्हांला कुठे जायचे नाही.